शहर कॅमेऱ्यात उतरवताना: परदेशी सहलीत फोटो काढणाऱ्या नवख्यांसाठी

परदेशी सहलीहून परतलेल्या माणसाच्या फोनमध्ये शेकड्यांनी फोटो असतात, आणि त्यातले बहुतेक उभ्या उभ्या, भर दुपारी, गटाच्या मागे धावताना काढलेले असतात. कॅमेरा महागातला असला तरी त्यात फरक पडत नाही. फरक पडतो तो थांबण्याने. म्हणून या लेखात मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगणार आहे: दिवसाला एक किंवा दोनच जागा फोटोंसाठी राखा, तिथे योग्य वेळी पोहोचा आणि तासभर तिथून हलू नका. बाकी सगळ्या जागा डोळ्यांनी बघा, मनसोक्त फिरा. बाकीचं तंत्र दोन-चार संध्याकाळींत हाताखाली येतं.

आधी घरी बसून: ऊन कुणीकडून येणार?

नकाशा उघडा आणि निवडलेल्या प्रत्येक जागेपुढे लिहा की फोटो काढताना तुमचं तोंड कोणत्या दिशेला असेल. एवढ्या एका टिपणाने निम्मं काम होतं.

लिस्बन घ्या. हे टेकड्यांचं शहर आहे आणि टेकड्यांच्या कडेला शहर न्याहाळण्यासाठी सार्वजनिक कट्टे बांधलेले आहेत, सगळ्यांना मोकळे. त्यातला पोर्तास दो सोल हा कट्टा पूर्वेकडे, आल्फामा या जुन्या वस्तीची कौलं आणि तेजू नदी यांच्याकडे बघतो. तिथे पहाटे जायचं. सेन्योरा दो मोंते त्याहून उंचावर आहे आणि तिथून किल्ला, नदी, लांबचा पूल असं सगळं मावळतीच्या बाजूला पसरलेलं दिसतं. तिथे संध्याकाळी. एकाच दिवशी दोन्ही करता येतं, पण उलट क्रमाने गेलात तर दोन्हीकडे सूर्य नको तिथे असेल.

पॅरिसमध्ये आयफेल टॉवरसमोरची त्रोकादेरोची गच्ची टॉवरच्या वायव्येला आहे. सकाळी सूर्य टॉवरच्या मागून वर येतो, त्यामुळे लोखंडाची काळी आकृती आणि मागे रंगलेलं आकाश मिळतं; टॉवरची वीण दिसायला हवी असेल तर दुपार कलल्यावर या, तेव्हा ऊन उजव्या हाताने येतं. गर्दी टाळायची तर पहाटच. दक्षिण गोलार्धात गेलात तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा: तिथे दुपारचा सूर्य उत्तरेला असतो. सिडनीत ऑपेरा हाऊस आणि हार्बर ब्रिज एका चौकटीत बसवायला लोक मिसेस मॅक्वारीज चेअर या टोकावर जातात. तिथून दोन्ही पश्चिमेच्या अंगाला दिसतात. सकाळचं कोवळं ऊन थेट त्यांच्यावर पडतं, संध्याकाळी ती दोन्ही सावलीत जातात आणि मागे सूर्य मावळतो. दोन्ही सुंदरच, पण तुम्हाला कुठलं हवंय ते आधी ठरलेलं बरं.

संधिप्रकाश किती वेळ टिकतो तेही जागेवर अवलंबून असतं. विषुववृत्ताजवळ सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो, त्यामुळे सिंगापूरमध्ये सूर्यास्तानंतर वीस-बावीस मिनिटांत काम आटोपावं लागतं. जूनमधल्या लंडनमध्ये तोच उजेड पाऊण तासाच्या वर रेंगाळतो. सिंगापूरला 'जेवून येऊ, मग फोटो काढू' असं म्हटलंत की निळं आकाश गेलंच म्हणून समजा.

फोटोपिल्स किंवा सन सर्व्हेयर यांसारखी अॅप नकाशावर सूर्याची रेघ काढून दाखवतात. न्यूयॉर्कला जाणाऱ्यांनी त्यात तारखाही तपासाव्यात. मॅनहॅटनच्या रस्त्यांची जाळी उत्तर दिशेपासून सुमारे २९ अंश कललेली आहे. त्यामुळे मेच्या अखेरीस आणि जुलैच्या मध्याच्या सुमारास मावळता सूर्य ३४व्या किंवा ४२व्या रस्त्यासारख्या आडव्या रस्त्याच्या टोकाला, दोन्हीकडच्या इमारतींच्या बरोबर मधोमध येतो. सहल त्या दिवसांत असेल तर ती संध्याकाळ मोकळी ठेवा.

जिथे तिकीट लागतं तिथे वेळही आधी राखावी लागते. लंडनचं स्काय गार्डन, म्हणजे उंच इमारतीच्या माथ्यावरची बाग, फुकट आहे, पण आरक्षण करावं लागतं. टोकियोच्या शिबुया स्काय या उंच गच्चीची सूर्यास्ताच्या वेळची तिकिटं भराभर संपतात. नेहमी सूर्यास्ताच्या तासभर आधीची वेळ घ्या. सूर्यास्ताचीच घेतलीत तर रांगेत आणि लिफ्टमध्ये उजेड निघून जातो.

सामान कमीत कमी

फोन पुरतो. कॅमेरा असेल तर एक छोटी लेन्स, ३५ किंवा ५० मिमीची (हा आकडा जितका लहान, तितकं रुंद दृश्य फोटोत मावतं). आंरी कार्तिये-ब्रेसाँसारख्या नामवंत फ्रेंच छायाचित्रकाराने आयुष्यातलं बरंचसं काम ५० मिमीच्या लेन्सवर केलं. दहा किलोची बॅग खांद्यावर असली की दुपारी दोन वाजता पाय हॉटेलकडे वळतात, आणि खरी वेळ तर पाचनंतर सुरू होते.

फोनवाल्यांनी एक सवय लावून घ्यावी. फोनची मुख्य लेन्स बरीच रुंद असते, २४ ते २६ मिमीच्या आसपास. त्यात समोरचा माणूस मोठा आणि लांबचा मनोरा काडीएवढा दिसतो. शहराचं दृश्य घेताना दोनपट किंवा तीनपट लेन्सवर जा. इमारती एकमेकींच्या पाठीला पाठ लावून उभ्या राहतात आणि शहर दाट दिसतं. मात्र फोनला तेवढ्या पटीची वेगळी लेन्स नसेल तर बोटांनी ताणून आणखी मोठं करत बसू नका. त्यात चित्राचा दर्जाच घसरतो.

ट्रायपॉड घेऊच नका असं माझं नवख्यांना सांगणं आहे. उंच इमारतींच्या गच्च्यांवर बहुतेक ठिकाणी तो चालत नाही. न्यूयॉर्कच्या सबवेत फोटो काढायला मुभा आहे, पण ट्रायपॉड आणि दिवे यांना मनाई आहे. कठडा, खांब, दुमडलेलं जॅकेट यावर काम भागतं. ड्रोनही घरीच ठेवा: मोरोक्कोत तो विमानतळावरच काढून घेतात, आणि युरोपीय संघात कॅमेरा असलेला ड्रोन उडवायला चालकाची नोंदणी लागते.

जादा बॅटऱ्या आणि पॉवर बँक कायम हातातल्या बॅगेत, चेक-इन सामानात नाही. १०० वॉट-अवरपर्यंतची पॉवर बँक सहसा विनापरवानगी नेता येते. २०,००० एमएएचची साधारण ७४ वॉट-अवर भरते, म्हणजे ती त्या मर्यादेत बसते. विमान कंपनीचे स्वतःचे नियम याहून कडक असू शकतात, तेवढे निघण्याआधी पाहा. थंड प्रदेशात बॅटरी लवकर उतरते, म्हणून जादा बॅटरी आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवा.

त्या देशात काय चालतं, काय नाही

हा भाग लोक वगळतात. कृपा करून वगळू नका. रस्त्यावर उभं राहून दिसेल त्याचा फोटो काढायला सगळीकडे सारखी मोकळीक नसते.

अमेरिकेत सार्वजनिक जागेवरून जे दिसतं त्याचे फोटो काढायला कायद्याने बरीच मोकळीक आहे. हंगेरीत २०१४पासून लागू असलेल्या नागरी संहितेप्रमाणे माणसाचा फोटो काढायलाच त्याची संमती लागते. गर्दीचं दृश्य हा अपवाद. जर्मनीत ओळखू येणाऱ्या माणसाचा फोटो प्रसिद्ध करायला संमती लागते, इथेही गर्दी आणि निव्वळ दृश्याचा भाग म्हणून आलेली माणसं यांना सवलत आहे. फ्रान्समध्येही माणसाचा स्वतःच्या प्रतिमेवर हक्क मानला जातो. संयुक्त अरब अमिरातीत परवानगीशिवाय दुसऱ्याचा फोटो काढणं हा खासगीपणाचा भंग ठरून गुन्हा होऊ शकतो. सरकारी आणि लष्करी इमारतींकडे तर तिथे कॅमेरा वळवूच नये. इजिप्तने २०२२ मध्ये पर्यटकांना सार्वजनिक ठिकाणी स्वतःसाठी फोटो काढायला मोकळीक दिली, पण तिथल्या नागरिकांचे फोटो काढायला त्यांची लेखी परवानगी लागते. आणि जगात कुठेही गेलात तरी इमिग्रेशनचे काउंटर, सुरक्षा तपासणी, सैनिक आणि पोलीस चौक्या यांचे फोटो नकोत.

कायद्याच्या पुढची गोष्ट आहे तिथे राहणाऱ्यांची. क्योतोच्या गिओन भागात गेइको (पारंपरिक नृत्य-संगीत सादर करणाऱ्या कलावंत) आणि माइको (त्यांच्या शिकाऊ मुली) कामावर निघाल्या की पर्यटक कॅमेरे घेऊन मागे लागत, वाट अडवत. शेवटी तिथल्या खासगी गल्ल्या पर्यटकांना बंद झाल्या आणि आत शिरल्यास १०,००० येन दंडाचे फलक लागले. फुजी पर्वताच्या पायथ्याशी फुजीकावागुचिको गावात एका दुकानाच्या छपरावर पर्वत उभा असल्यासारखा फोटो मिळायचा. लोक रस्ता कसाही ओलांडू लागले, आवारात घुसू लागले, तेव्हा २०२४च्या मेमध्ये गावाने तिथे अडीच मीटर उंच काळी जाळी लावली. काही महिन्यांनी ती काढली, पण गावावर ती लावायची वेळ आली हे विसरून चालणार नाही. हाँगकाँगच्या क्वारी बे भागात दाटीवाटीच्या घरांच्या चौकात, जो फोटोंमुळे जगभर गाजला, आता फोटो काढू नका असे फलक आहेत. सोलच्या बुकचोन या हानोकांच्या, म्हणजे पारंपरिक कोरियन घरांच्या, वस्तीच्या मुख्य भागात संध्याकाळी ५ ते सकाळी १० पर्यटकांना प्रवेश नाही आणि मार्च २०२५पासून त्यासाठी दंडही आहे. म्हणजे पहाटेच्या आणि तिन्हीसांजेच्या उजेडाचा हिशेब करून तिथे पोहोचलात तर हिशेब बरोबर आणि वेळ चुकीची, असं होईल.

फलक दिसला की थांबायचं. भाषा कळत नसली तरी कॅमेऱ्यावर मारलेली तिरकी रेघ सगळ्यांना कळते.

उंचावरून शहर

पहिला नियम अगदी साधा आहे आणि तरी सुटतो: ज्या इमारतीवर चढाल ती तुमच्या फोटोत येणार नाही. एम्पायर स्टेटच्या ८६व्या मजल्यावरची उघडी गच्ची नावाजलेली आहे, पण न्यूयॉर्कच्या आकाशरेषेत एम्पायर स्टेटच हवी असेल तर रॉकफेलर सेंटरच्या टॉप ऑफ द रॉकवर जा आणि दक्षिणेकडे तोंड करा. तसंच आयफेलचं. आयफेलवरून दिसणाऱ्या पॅरिसमध्ये आयफेल नाही. आर्क द त्रिओंफ या विजयकमानीच्या २८४ पायऱ्या चढून वर गेलात तर टॉवरही दिसतो आणि पायाखाली चौकातून फुटणारे १२ रस्तेही.

आर्क जेमतेम ५० मीटर उंच आहे, आणि मला तीच उंची आवडते. २००-३०० मीटरवर गेलं की माणसं दिसेनाशी होतात, रस्त्यांच्या रेघा उरतात, शहराचा नकाशा होतो. पन्नास मीटरवर झाडं, बसथांबे, खिडकीतले पडदे, रस्ता ओलांडणारं जोडपं, सगळं जिवंत असतं. टेकड्या, पूल, चर्चचे मनोरे यांची उंची साधारण अशीच असते. सहलीत एकदा खूप उंच जा, बाकी वेळा मध्यम उंचीच्या जागा शोधा.

टोकियोत शिंजुकूच्या महानगर सरकारच्या इमारतीत ४५व्या मजल्यावर, २०२ मीटरवर, फुकट जाता येतं. पण तिथे काच आहे, आणि काचेतून फोटो काढणं ही वेगळी कला आहे. ती नीट शिकून घ्या, कारण जगातल्या निम्म्याअधिक उंच जागा काचेआडच असतात.

आधी काचेचा स्वच्छ तुकडा शोधा. मुलांच्या हातांचे ठसे कमरेच्या उंचीला असतात, म्हणून डोक्याच्या पातळीवर बघा. मग लेन्स काचेला अगदी टेकवा, हलकेच. लेन्स आणि काच यांच्यात बोटभर फट राहिली तरी मागचा दिवा फोटोत तरंगतो. तिरकं बघायचं असेल तर फट पडणारच. तिथे काळं जॅकेट लेन्सभोवती तंबूसारखं धरा. अंगातला पांढरा शर्ट काचेत उमटतो, त्या दिवशी गडद रंग घाला. फोनचा फ्लॅश बंद आहे ना ते बघा, आणि शेजाऱ्याच्या फोनचा पडदा तुमच्या काचेत चमकत असेल तर दोन पावलं सरका. ज्या जाड दुहेरी काचेतून दोन-दोन दिवे दिसतात तिथे समोर सरळच बघा, तिरपं नको.

मग थांबा. एकच चौकट पक्की करा आणि सूर्यास्ताच्या अर्धा तास आधीपासून अंधार पडेपर्यंत दर दहा मिनिटांनी तीच चौकट पुन्हा टिपा. घरी आल्यावर हे सगळे फोटो एकाखाली एक लावून बघा. सूर्य दिसेनासा झाला की अर्धे लोक लिफ्टकडे निघतात आणि नेमकी त्यानंतरची वेळ शहराची असते. आकाशाचा निळा उजेड उतरत येतो, खिडक्यांचा पिवळा उजेड चढत जातो, आणि मध्ये कुठेतरी दोन्ही सारखे होतात. त्या पाच-सात मिनिटांत काढलेल्या फोटोत आकाश पांढरं पडत नाही आणि इमारती काळ्याठिक्कर होत नाहीत. हे एकदा स्वतःच्या फोटोंत पाहिलंत की पुढे कुणी सांगावं लागणार नाही.

चौकटीत जवळचं काहीतरी घ्या: कठड्याची कड, कुणाची पाठ, एखादी फांदी. त्याने खोली येते. क्षितिज सरळ ठेवा, त्यासाठी पडद्यावरच्या आडव्या-उभ्या रेघा चालू करा. धुरकट दिवशी वर चढण्याचं तिकीट टाळता आलं तर टाळा. पाऊस पडून गेल्यावर हवा धुतलेली असते, तो दिवस साधा.

पाण्यावरून आणि चाकांवरूनही शहर छान दिसतं. हाँगकाँगची स्टार फेरी बंदर ओलांडताना दोन्ही काठांच्या आकाशरेषा हळूहळू फिरवून दाखवते. तिथल्या ट्राम १९०४पासून धावताहेत आणि आता त्या दुमजली आहेत. वरच्या मजल्यावर अगदी पुढची जागा मिळाली तर दुकानांच्या पाट्या डोळ्यांच्या पातळीवर येतात. पुढची जागा रिकामी नसेल तर ती ट्राम सोडा, मागून दुसरी येतेच.

रस्त्यावर उतरल्यावर

कॅमेरा आधी लावून ठेवा म्हणजे आयत्या वेळी बटणं शोधावी लागणार नाहीत. दिवसा शटर (उजेड आत येण्याचा वेळ) १/२५० सेकंद, अॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ ८, आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता) ऑटोवर आणि कमाल ६४०० पर्यंत. एवढ्यात चालती माणसं स्थिर येतात आणि जवळ-लांब दोन्ही स्पष्ट राहतं. फोनवर उजळ भागावर बोट दाबून धरा म्हणजे उजेड आणि फोकस कुलूपबंद होतात. मग उजेड थोडा कमी करा. आकाश आणि उन्हाचे पट्टे जळत नाहीत.

आता पद्धत. माणसांच्या मागे फिरू नका, पार्श्वभूमी शोधा. हाँगकाँगचा छायाचित्रकार फान हो १९५०-६०च्या दशकांत असंच करायचा: गल्लीत उन्हाची तिरीप कुठे पडते ते हेरायचं, कॅमेरा लावायचा आणि त्या तिरिपेत कुणी येण्याची वाट बघायची. नवख्यासाठी याहून चांगला धडा नाही. रंगीत भिंत, जिन्याचं वळण, दुकानाच्या कनातीखालची सावली, यातलं एक निवडा आणि रंगमंच तयार आहे असं समजून थांबा. पात्रं येतात. तुम्ही आधीपासून तिथे उभे असल्यामुळे कुणी दचकतही नाही.

इस्तंबूलचा गलाता पूल या सरावासाठी उत्तम. वरच्या मजल्यावर दोन्ही कठड्यांना गळ टाकून माणसं ओळीने उभी असतात, पायाशी पाण्याच्या बादल्या आणि त्यात चमकणारे छोटे मासे. मधून ट्राम जाते, खाली हॉटेलांची रांग. दुपार कलल्यावर पश्चिमेच्या कठड्याला जा. समोर गोल्डन हॉर्न या खाडीचं पाणी, डावीकडे टेकडीवर सुलेमानिये मशिदीचा घुमट आणि मिनार, आणि सूर्य त्याच अंगाला उतरतो.

पहिले दोन-तीन फोटो सगळ्यांसारखे काढून टाका, हात मोकळा होतो. मग खरं काम. ओळीला समांतर उभं राहा म्हणजे गळाच्या काठ्या एकामागे एक तिरप्या रेघा आखतात. त्या रेघांच्या मधल्या फटीत घुमट बसेपर्यंत डावी-उजवीकडे सरका. अर्धं पाऊल सरकलं तरी काठी घुमटाला चिरत जाते, म्हणून पडदा नीट बघत सरका. घुमट मोकळा झाला की तिथेच थांबा. आता एखादा माणूस गळ ओढून घेण्यासाठी मागे वाकेल, त्याची आकृती मावळत्या आकाशावर स्वच्छ उठेल. तेव्हा एक नाही, चार-पाच फोटो लागोपाठ काढा, कारण हात आणि काठी एकमेकांवर न चढता सुटी दिसण्याचा क्षण फार छोटा असतो. मग जवळ जा: आमिष लावणारी बोटं, बादलीचा काठ, रिळाच्या हँडलवर झिजलेला रंग. आणि मागून कुणी गळ फेकायच्या बेतात आहे का ते बघत जा. फेकण्याआधी काठी पाठीमागे झुलते, आकडा तुमच्या तोंडाच्या उंचीवर येतो.

एकाच पुलावर रुंद, मध्यम आणि अगदी जवळचे असे तिन्ही प्रकारचे फोटो झाले की बघणाऱ्याला ती जागा कळते. बाजार, स्टेशन, चौक, घाट, कुठेही हाच क्रम चालतो.

पाऊस लागला म्हणून हॉटेलात बसू नका. न्यूयॉर्कच्या सॉल लायटरने बाष्पाने धूसर झालेल्या काचांतून, छत्र्यांच्या कडांतून, ओल्या रस्त्यांतून कितीतरी रंगीत फोटो काढले. कॅफेत खिडकीजवळ बसा, काचेवरच्या थेंबांवर फोकस करा, मागून लाल छत्री गेली की दाबा. बाजार उघडायच्या वेळी गाठा, मालाची मांडामांड चालू असते आणि विक्रेत्यांना बोलायला सवड असते. देवळांचं उलटं: टोकियोच्या सेन्सो-जीचा मुख्य सभामंडप संध्याकाळी ५ वाजता बंद होतो, पण आवार खुलं राहतं, दिवे लागतात आणि नाकामिसे गल्लीतल्या दुकानांची खाली ओढलेली शटरं तेवढी दिसतात, त्यांच्यावर चित्रं रंगवलेली आहेत.

माणसाचा चेहरा हवा असेल तर

माझी रेघ अशी आहे. माणूस दृश्यात लहानसा असेल, पाठमोरा असेल, सावली असेल तर आधी विचारायची गरज नाही, तिथला कायदा आड येत नसेल तोवर. चेहराच फोटोचा विषय असेल तर आधी विचारायचं.

विचारायला भाषा लागत नाही. कॅमेरा छातीपाशी धरा, त्याच्याकडे बोट दाखवा, भुवया उंचावा, हसा. मान हलली की लगेच काढा, दोन-तीनच, आणि फोटो दाखवा. नकार आला तर तितक्याच हसऱ्या चेहऱ्याने पुढे व्हा. 'नमस्कार', 'फोटो काढू का?' आणि 'आभारी आहे' ही तीन वाक्यं त्या भाषेत पाठ करून जा. उच्चार चुकतात, लोक हसतात, आणि हसलेला माणूस पटकन तयार होतो. दुकानदाराचा फोटो हवा असेल तर आधी काहीतरी विकत घ्या किंवा निदान त्याच्या मालाबद्दल विचारा.

पैशांचा प्रश्न येतो तो कलाकारांपाशी. माराकेशच्या जेमा एल-फना चौकात गारुडी, गोष्टी सांगणारे, घुंगुर-पितळेचे प्याले मिरवणारे पाणीवाले असतात. फोटोचे पैसे मागणं हा त्यांच्या कमाईचा भाग आहे, आणि त्यात मला काही गैर वाटत नाही. रक्कम आधी ठरवा, सुटे पैसे वेगळ्या खिशात ठेवा, मगच कॅमेरा वर करा. चोरून काढून पळायचं नाही. फुकट दृश्य हवं असेल तर चौकाभोवतीच्या कॅफेंच्या गच्चीवर चहा घेऊन बसा. तिन्हीसांजेला खाण्याच्या गाड्यांचा धूर आणि दिवे वरून फार सुरेख दिसतात.

लहान मुलांचे फोटो आईबापांना विचारल्याशिवाय नकोत. रस्त्यावर झोपलेल्या माणसाचा नको, प्रार्थनेत बुडालेल्याच्या तोंडासमोर जाऊन नको, अपघाताचा नको. कुणी फोटो पुसायला सांगितलं तर वाद न घालता त्याच्यासमोर पुसा.

रात्र

दिवे लागल्यावर फोनचा नाइट मोड काही सेकंद उजेड गोळा करतो. हात कठड्याला टेकवा, २ सेकंदांचा टायमर लावा म्हणजे बटण दाबण्याचा धक्का बसत नाही. कॅमेरा असेल तर कठड्यावर ठेवून २ ते ४ सेकंदांत गाड्यांच्या दिव्यांच्या रेघा मिळतात. निऑनच्या पाट्या असतील तर उजेड एक पायरी कमी करा, नाहीतर अक्षरं पांढरी पडतात.

नव्या लोकांना गोंधळात टाकणारी गोष्ट म्हणजे फोटोत उमटणारे काळे आडवे पट्टे. बरेचसे दिवे विजेच्या लहरीबरोबर लुकलुकतात. डोळ्याला कळत नाही, वेगवान शटरला कळतं. युरोपात वीज ५० हर्ट्झची आहे, तिथे शटर १/५० वर आणा. अमेरिकेत ६०, तिथे १/६०. जपानमध्ये दोन्ही आहेत: टोकियोत ५०, ओसाकात ६०. मोठ्या एलईडी पडद्यांचा वेग निराळा असतो, तिथे शटर आणखी हळू करून बघा.

आयफेल टॉवर अंधार पडल्यावर दर तासाच्या ठोक्याला ५ मिनिटं लुकलुकतो. आधी जागा धरा. स्वतःसाठी फोटो काढायला काही अडचण नाही. टॉवर १८८९चा, त्याच्यावर आता स्वामित्वहक्क नाही, पण रात्रीच्या प्रकाशयोजनेवर आहे. ते फोटो विकायचे किंवा जाहिरातीत वापरायचे असतील तर परवानगी घ्यावी लागते.

फोन हातात धरून रस्त्याच्या कडेला उभं राहू नका. लंडनमध्ये मोपेड आणि इलेक्ट्रिक सायकलवरून फोन हिसकावण्याचे प्रकार सर्रास घडतात. पाठ भिंतीला, पट्टा मनगटाला, आणि फोटो बघायचे असतील तर दुकानाच्या आत जाऊन.

हॉटेलवर परतल्यावर

देश बदलला की कॅमेऱ्याचं घड्याळ त्याच दिवशी बदला, नाहीतर पुढे फोनचे आणि कॅमेऱ्याचे फोटो क्रमाने लागत नाहीत. रोज रात्री फोटोंच्या दोन प्रती करा आणि त्या दोन बॅगांत ठेवा. एक प्रत ऑनलाइन चढवता आली तर उत्तम. घरी पोहोचेपर्यंत कार्ड रिकामं करू नका.

मग त्या दिवसाचे दहाच फोटो निवडा. त्या दहांखाली जागेचं नाव, वेळ आणि काय चाललं होतं हे एका ओळीत लिहा. महिन्याभराने हे आठवत नाही. ऑनलाइन टाकण्याआधी कुणाच्या घराचं दार, गाडीचा नंबर, शाळेचा गणवेश दिसतोय का ते तपासा, आणि असल्यास तो फोटो किंवा त्याची नेमकी जागा सार्वजनिक करू नका. आणि ज्यांना फोटो पाठवतो म्हणाला होतात त्यांना त्याच रात्री पाठवा, पत्ता किंवा नंबर लिहिलेला कागद बॅगेत आहे तोवर.